सही न केलेला जबाब

ती घटना मी विसरलेलो नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात तिच्यावर चार ओळीही आल्या नाहीत. पोलीस ठाण्याच्या दप्तरी ती 'अर्ज चौकशी' म्हणून आली आणि 'निकाली' असा शेरा घेऊन बंद झाली. नोकरीत मी याहून मोठे तपास केले. पण माझ्या हातून घडता घडता राहिलेली चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी हेच प्रकरण सांगतो. यातल्या माणसांची नावं मी देणार नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात.

त्या वेळी मी शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. नंदुरबारला येऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे अहिराणी समजायची, बोलता मात्र येत नव्हती. सकाळची हजेरी झाली की मी स्टेशन डायरी वाचायचो आणि मग आलेले अर्ज एकेक करून बघायचो. बहुतेक अर्ज बांधाचे, विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याचे, केळीचे घड कापून नेल्याचे.

एका सकाळी तालुक्यातल्या बऱ्यापैकी घरातली एक बाई आपल्या भावाला घेऊन आली. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, बोलणं ठाम.

"सगळं सोनं लई गयी, साहेब," ती म्हणाली. "टोळीच शे ती."

सोनं घेऊन गेलेली 'ती' म्हणजे सून, हे भावानं सांगितलं. हा भाऊ तालुक्यात वजनदार. दोन सोसायट्यांवर संचालक, पुढाऱ्यांमध्ये ऊठबस. त्यानं टाइप केलेला अर्ज पुढे ठेवला. भाच्याचं लग्न आठ महिन्यांपूर्वी झालं. मुलगी नंदुरबारची, बाप मिरची वाळत घालायच्या पथारीवर मजुरीला. मुलगी चांगली दिसली म्हणून गरिबाघरची करून घेतली. चार दिवसांपूर्वी घरातले सगळे एका लग्नाला गेले असताना ही घरातून निघून गेली. कपाटातले दागिनेही नाहीत. त्यात सासूच्या पाटल्या होत्या, सुनेच्या अंगावर घातलेला हार होता, मंगळसूत्र होतं.

लग्न लावून दागिन्यांसह पळणाऱ्या टोळ्या त्या काळात आमच्या भागात खरोखर सापडत होत्या. एक टोळी मीच पकडली होती. त्यामुळे मला अर्ज पटला. दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक म्हणजे अर्जाची भाषा. चोरी झालेला माणूस आधी काय गेलं ते सांगतो. या अर्जात पहिला सगळा परिच्छेद मुलीच्या चारित्र्यावर होता. दुसरी गोष्ट, नवरा आलाच नव्हता.

"मुलगा कुठे आहे?" मी विचारलं.

"त्याची तब्येत बरी नाही. धक्का बसला आहे," मुलाचे हे मामा म्हणाले. "तुम्ही गुन्हा दाखल करा, बाकीचं आम्ही बघतो."

नवरा-बायकोच्या भांडणात तडकाफडकी गुन्हा दाखल करायचा नाही, आधी चौकशी करायची, अशी माझी पद्धत होती. मी अर्ज नोंदवून घेतला. मामांना ते आवडलं नाही. संध्याकाळी मला वरून एक फोनही आला. असे फोन येतात. 'बघतो' म्हणायचं आणि काम करायचं.

मुलीच्या बापाकडे माणूस पाठवला. मुलगी त्याच्याकडे नव्हती. तो घाबरून हवालदाराला म्हणाला की, पोर दोनदा माहेरी आली होती, दोन्ही वेळा मीच तिला परत सासरी सोडून आलो.

तिसऱ्या दिवशी खबर आली. विसरवाडीच्या फाट्यावर पंक्चर काढणारा एक जण माझा जुना खबऱ्या होता. महामार्गावरचे ट्रक, गाड्या, येणारे-जाणारे, सगळ्यांवर त्याची नजर. मी त्याला मुलीचं वर्णन सांगून ठेवलं होतं.

"साहब, आपकी वो दुल्हन इधरच है," तो फोनवर म्हणाला. "बस स्टॉप के पीछे एक बाई का सिलाई का दुकान है ना, उधर मशीन पे बैठती है. सुबह से शाम तक."

फोन ठेवल्यावर मी जरा थांबलो. सोनं घेऊन पळालेली बाई सुरतेला जाते, इंदूरला जाते. ती हमरस्त्यावरच्या दुकानात दार उघडं ठेवून ब्लाउज शिवत बसत नाही. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पण जाणवलेली गोष्ट मी शेवटपर्यंत नेली नाही, हे इथे कबूल करतो.

विसरवाडीला वेगळं ठाणं आहे. त्यांना कळवून, त्यांच्या डायरीला नोंद करून आम्ही गेलो. बरोबर माझा रायटर, म्हणजे जबाब लिहिणारा हवालदार होता, आणि एक महिला हवालदार. ही बाई साक्री भागातली, घरची भाषा अहिराणी. वीस वर्षं नोकरी झालेली आणि बोलायची फार कमी.

दुकान मुलीच्या मावशीचं निघालं. मुलगी चोवीस-पंचवीसची, सडसडीत. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली. पळायचा प्रयत्न नाही, रडणं नाही. तिची पिशवी पंचांसमोर तपासली. दोन साड्या, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिवणकामाच्या वर्गाचं प्रमाणपत्र.

"सोनं कुठे आहे?" मी विचारलं.

"मी काहीच लिधं नही. जे व्हतं ते त्यासले दी उनू," ती म्हणाली. म्हणजे जे होतं ते त्यांना देऊन आले.

"कुणाला?"

"घरना मानूसले."

"तुझ्या नवऱ्यानं तर आम्हाला तसं काही कळवलेलं नाही."

मग घर का सोडलं, ते मी विचारत गेलो. मारहाण? नाही. हुंडा मागत होते? नाही. दुसरी बाई? नाही. नवरा दारू पितो? त्यावर तिनं नकारार्थी मान हलवली आणि म्हणाली, "मानूस चांगला शे." मला काही उलगडेना. नवरा चांगला, मारहाण नाही, मागणी नाही आणि ही घर सोडून आली. अर्जात लिहिलेलं खरं वाटायला लागलं.

मग ती रायटरशी थोडं बोलली. त्यानं आपल्या सवयीप्रमाणे भराभर जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. त्याच्या शेवटी होतं, 'माझे पतीसोबत पटत नसल्याने मी स्वखुशीने घर सोडले असून मला पतीपासून घटस्फोट पाहिजे आहे. माझा जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

तिनं पेन घेतलं नाही.

"घटस्फोट मी मांगाच नही."

"अगं, तेच ना?" रायटर म्हणाला. "तुला तिथे राहायचं नाही, त्यालाच घटस्फोट म्हणतात."

"मग तुला पाहिजे तरी काय?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मन्हं लगीन व्हयनंच नही, साहेब."

अर्जासोबत लग्नाचे फोटो जोडलेले होते. मांडव, हळद, सप्तपदी, जेवणाच्या पंगती. शे-दोनशे माणसांसमोर लागलेलं लग्न झालंच नाही म्हणते, याचा अर्थ ही पक्की आहे, असं मी मनाशी ठरवलं. 'जबाबावर सही करण्यास नकार' असा शेरा मारला आणि विसरवाडी सोडू नकोस अशी समज देऊन आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी चोरीचा गुन्हा दाखल करायचा, हे जीपमध्ये बसतानाच मी ठरवलं होतं.

नंदुरबार ओलांडून आम्ही प्रकाशा गावाच्या दिशेला लागलो तेव्हा मागे बसलेल्या हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, एक बोलू का?"

"बोला."

"ती पोर खोटं बोलली नाही. लग्न लागलं नाही असं नाही म्हणत ती. आठ महिन्यांत नवरा-बायकोचं नातं झालंच नाही, असं म्हणते."

मी मागे वळून पाहिलं. रायटर खिडकीबाहेर बघायला लागला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही पंचनामा लिहीत होतात तेव्हा मी तिच्याबरोबर आत चहा ठेवायला गेले होते. मी म्हटलं, घाबरू नको माय, काय व्हयनं ते सांग. तर म्हणाली, मानूस आजारी शे, त्यांनीच मला सांगितलं. पण सासूनं मला भगताकडे नेलं, नंदुरबारला डॉक्टरीणबाईकडे नेलं, मूल का होत नाही म्हणून माझीच तपासणी केली. पुरुष माणसांसमोर ती कशी सांगणार, साहेब?"

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. एकट्यानं यायचं, आई नको, मामा नकोत, असा निरोप दिला. तो आला. तिशीचा, उंचापुरा, नीट कपडे. तालुक्याच्या गावी त्याचं बी-बियाणांचं आणि औषधांचं दुकान होतं. मी रायटरला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि दोन चहा मागवले.

चौकशीबद्दल लोकांच्या कल्पना वेगळ्या असतात. माझा अनुभव असा की, सराईत गुन्हेगाराला प्रश्नांनी बांधावं लागतं आणि साध्या माणसाला थोडी शांतता द्यावी लागते. तो चहाच्या कपाकडे बघत बसला. मी एकच प्रश्न विचारला.

"दागिने तुमच्याकडे आहेत ना?"

त्यानं कप बाजूला सारला. मग तो म्हणाला, "दुकानात आहेत. औषधांच्या कपाटात, खालच्या खणात."

"आईनं चोरीची तक्रार दिली हे माहीत होतं?"

"हो."

"बायको चोर ठरत होती. तुरुंगात गेली असती. तुम्ही गप्प बसलात?"

"बोललो असतो तर पुढचं विचारलं असतं, साहेब. ती का गेली, ते."

मग त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. लग्नाच्या दोन वर्षं आधी सुरतेच्या डॉक्टरांनी तपासून त्याला स्पष्ट सांगितलं होतं की, वैवाहिक संबंध त्याला जमणार नाहीत आणि यावर औषध नाही. आईला माहीत होतं, मामांना माहीत होतं. तो लग्नाला नको म्हणत होता. आई म्हणाली, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, आणि लोक विचारायला लागलेत. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यानं मुलीला खरं सांगितलं.

"ती काय म्हणाली?"

"एवढंच म्हणाली, आधी सांगायला पाहिजे होतं." दार लोटलेलं आहे ना, ते त्यानं वळून पाहिलं. "सहा-सात महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. बापालाही नाही. आई तिला डॉक्टरकडे न्यायला लागली तेव्हा तिनं मला सांगितलं, तुम्ही आईला थांबवा. मी नाही थांबवलं. त्या दिवशी बाकीचे सगळे लग्नाला गेले होते, मी दुकानात होतो. ती तिथे आली, रुमालात बांधलेले दागिने माझ्या हातात दिले, मंगळसूत्रसुद्धा, आणि शहाद्याच्या स्टँडवर निघून गेली."

आम्ही पंचांसमक्ष दुकानातून दागिने काढले. तोच रुमाल होता. आईनं ते पाहिले तेव्हा ती खाली बसली. दागिने पोराकडे आहेत हे तिला खरंच माहीत नव्हतं, असं माझं मत झालं. पण सुनेवर चोरीचा आळ आला की ती तोंड उघडणार नाही, हे मामांना नक्की कळत होतं.

चोरीचा विषय तिथे संपला. अर्ज निकाली काढायचा होता. त्यासाठी दोन्हीकडची मंडळी ठाण्यात जमली. मामा आता नरमाईनं बोलत होते.

"साहेब, झालं गेलं जाऊ द्या. आपसातला घटस्फोट घेऊ. लग्नाला वर्ष होऊ द्यायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. कारण लिहायची गरज नाही. तोवर पोरीनं गप्प राहायचं."

मुलीचा बाप लगेच हो म्हणाला. त्याला हे सगळं लवकर मिटायला हवं होतं. मलाही ते शहाणपणाचं वाटलं, आणि मी तिला तसं सांगितलं. "हे बघ पोरी, तूही सुटशील, तोही सुटेल. कुणाची अब्रू जाणार नाही."

"कुणाची जाणार नाही?" तिनं विचारलं. "घटस्फोट झाला की लोक विचारतील, हिच्यात काय खोट होती. खोट मन्हामा नव्हती. माले कसाले डॉक्टरकडे ली गयात? ज्या घरात मी नांदलेच नाही, ते सोडलं असं मी का लिहून देऊ?"

मामांनी घड्याळ पाहिलं.

हवालदार बाईंनीच तिला नंदुरबारला विधी सेवेच्या वकील बाईंकडे नेलं. मोफत वकील मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. नंतर एका कामासाठी कोर्टात गेलो असताना मी त्या वकील बाईंना सरळ विचारलं की, घटस्फोट नको, विवाह रद्द ठरवून घ्यायचा, यात फरक तो काय? शेवटी दोघं वेगळीच होणार ना?

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. घटस्फोट म्हणजे लग्न झालं, ते खरं होतं, आणि आता ते संपलं. मागचा काळ नवरा-बायकोचा म्हणूनच राहतो. विवाह रद्द ठरवणं वेगळं. त्यात कोर्ट म्हणतं की, या लग्नात सुरुवातीपासूनच असं वैगुण्य होतं की ते उभं राहू शकत नाही. हुकूमनामा होईपर्यंत कायद्यानं ते लग्न असतं, पण हुकूमनामा झाला की मुळात लग्न नव्हतंच असं धरतात. आपसातल्या घटस्फोटाला कारण सांगावं लागत नाही. इथे कारण सांगावं लागतं आणि सिद्ध करावं लागतं.

"म्हणजे मुलानं कबूल करायला पाहिजे," मी म्हणालो.

"किंवा वैद्यकीय तपासणी. तो नाही म्हणाला तर वर्षानुवर्षं चालेल," त्या म्हणाल्या. "सुनावणी बंद दाराआड होते, नावं छापत नाहीत, तेवढं संरक्षण आहे."

कोर्टात मुलीचा अर्ज दाखल झाला. मामांच्या वकिलानं उत्तर दिलं. मुलगा पूर्णपणे निरोगी आहे, मुलगीच नांदायला तयार नव्हती, ती दागिने घेऊन पळाली होती. दागिन्यांचा पंचनामा माझ्या सहीचा असल्यामुळे मला साक्षीचं समन्स निघालं.

तारखेच्या दोन दिवस आधी तो मुलगा माझ्याकडे आला. वाळला होता.

"उत्तरावर माझी सही आहे साहेब, पण ते मी लिहिलेलं नाही. काय करू?"

"मी पोलीस आहे. कोर्टात काय बोलायचं ते मी कुणाला शिकवत नाही," मी म्हणालो. "मला विचारलं तर दागिने कुठे सापडले ते सांगेन. बाकी तुम्हालाच माहीत."

"मामा म्हणतात, एकदा बोललास की गावात तोंड दाखवता येणार नाही."

"आणि ती? तिला येतं?"

तो उठून गेला.

तारखेला मी आणि हवालदार बाई कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आतलं कामकाज बंद दाराआड सुरू होतं. मामा खाली वकिलाशी बोलत होते. आई बाहेर रिक्षात बसून होती, उतरली नव्हती. तासाभरानं दार उघडलं आणि वकील बाई बाहेर आल्या.

"साहेब, तुमची साक्ष आता लागणार नाही. त्यानं स्वतः सगळं सांगितलं. सुरतेच्या डॉक्टरांचे कागदही खिशातून काढून दिले. जज्ज साहेबांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का. म्हणाला, दबाव होता, आज नाही."

पाठोपाठ मुलगी आली. तिच्यामागून तो. अरुंद व्हरांड्यात दोघं समोरासमोर थांबली. तो खाली बघत होता. मला वाटलं, ती तशीच निघून जाईल. ती म्हणाली, "आते तुम्हीबी सुटनात." त्यानं मान हलवली. मग ती हवालदार बाईंबरोबर जिना उतरली आणि विसरवाडीची गाडी किती वाजता आहे ते त्यांना विचारू लागली.

निकाल पुढच्या काही तारखांनंतर लागला, विवाह रद्द ठरवण्याचा. मामांनी भाच्याशी बोलणं सोडलं, असं ऐकलं. दुकान त्यानं चालू ठेवलं. त्याच्या दुकानावरून माझी जीप जायची तेव्हा तो उठून नमस्कार करायचा. गावात तोंड दाखवता येणार नाही म्हणाले होते, पण तो रोज सकाळी शटर उघडत होता.

त्या प्रकरणानंतर मी ठाण्यात एक नियम केला. समोरचा माणूस अहिराणीत बोलला, डोंगरातल्या पावरी बोलीत बोलला, तर त्याचं महत्त्वाचं वाक्य आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि मग खाली मराठी. रायटर लोक कुरकुरले. जबाब लांबतात, पानं वाढतात. मी ऐकलं नाही. बाईचा जबाब असेल तर महिला कर्मचाऱ्यानं आधी तिच्याशी एकटीनं बोलायचं आणि काय कळलं ते मी विचारायच्या आधी मला सांगायचं, हा दुसरा नियम. पुढे बदली झाली तिथेही मी हे दोन्ही चालू ठेवलं.

घटस्फोट आणि विवाह रद्द ठरवणं यातला फरक मला वकील बाईंनी शिकवला. त्या मुलीला तो आधीच कळत होता आणि तिनं तो मला चार शब्दांत सांगितलाही होता. मी तिचं वाक्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरलं. त्या दिवशी जीपमध्ये हवालदार बाई गप्प बसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यावर चोरीचा गुन्हा दाखल केला असता, तिला अटक केली असती, आणि माझ्या कागदांत कुणालाही एक चूक सापडली नसती.